पतीची पत

२०२४ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. आमचे घर कऱ्हाड तालुक्यात, कृष्णाकाठी. अडीच एकर ऊस, दोन म्हशी आणि बांधावर चार शेवग्याची झाडे, एवढाच आमचा पसारा. पाटाने पाणी देऊन देऊन खालच्या तुकड्यात मीठ फुटायला लागले होते. म्हणून जुलैच्या आडसाली लागणीआधी सगळ्या रानाला ठिबक करायचे, असे थोरल्याने मनावर घेतले. दीड लाख रुपये कर्ज काढायचे आणि तीन वर्षांत उसाच्या बिलातून फेडायचे, असा हिशेब. सातबारा ह्यांच्या नावावर, तेव्हा कर्जही ह्यांच्याच नावाने.

कागदांची पिशवी घेऊन बापलेक सकाळी बँकेत गेले, ते जेवणवेळेच्या आधीच परत आले. हे काही न बोलता ओसरीवर बसले. थोरला म्हणाला, "आई, बाबांचं सिबिल खराब हाय म्हणं. पाचशे एकसष्ट. साहेबांनी अर्जच ठेवून घेतला न्हाई."

आता पाचशे एकसष्ट म्हणजे किती, हे मला काय ठाऊक! ताप असता तर काढा करून दिला असता. एवढे मात्र माहीत होते, की आमच्या दाराला कधी जप्तीची नोटीस लागलेली नाही. सोसायटीचे पीककर्ज दर मार्चला भरून आम्ही नवे-जुने करतो. मग हा आकडा आला कुठून?

संध्याकाळी ह्यांनीच विषय काढला. "तुझ्या दादानं सांगलीत कुणाकडनं तरी हेच काम करून घेतलं हुतं न्हवं? त्याचा नंबर दे."

मला खरे सांगायचे तर बरेच वाटले. कारण तो नंबर मुळात मीच दादाला दिला होता.

माझे माहेर तासगाव तालुक्यात. दादाची द्राक्षबाग. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पाऊस लागून राहिला आणि बागेत घड कुजले. पुढच्या मार्चात उरलेला माल वेलीवर असताना करोनाची टाळेबंदी लागली. त्या दोन तडाख्यांत दादाचे एका फायनान्स कंपनीचे हप्ते थकले. २०२२ साली मी माहेरी जाताना सांगलीच्या एस.टी. स्टँडाजवळ एक पाटी वाचली, 'सिबिल दुरुस्ती, खात्रीशीर काम'. नंबर लिहून घेतला आणि दादाच्या हातात दिला. पुढे दादाने वीस हजार रुपये मोजले आणि फोनवर मला सांगितले, "ताई, मिटलं बघ एकदाचं." बहिणीला आणखी काय हवे असते?

तर हे सांगलीला गेले. त्या गृहस्थाने पंधरा हजार सांगितले. तीन हजार आगाऊ, बाकीचे काम झाल्यावर. "पंधरा दिवसांत साडेसातशेच्या वर नेऊन ठेवतो, काका. जुनं सगळं पुसून टाकतो," असा शब्द दिला. आधार आणि पॅनकार्डाच्या झेरॉक्स ठेवून घेतल्या.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. हे गोठ्यात होते, म्हणून सूनबाईने घेतला. मोबाईलवर एक नंबर येईल तो सांगा, असे तो म्हणाला. सूनबाई कऱ्हाडच्या कॉलेजात बी.कॉम. झालेली. तिने विचारले, "ओटीपी कशाचा आहे? कुठे लागणार आहे?" एवढ्यावर त्याने आवाज चढवला आणि फोन ठेवून दिला.

सूनबाई मला म्हणाली, "आत्या, दुखतंय कुठं ते बघायच्या आधीच आपण औषधाचे पैसे दिलेत. आधी बाबांचा रिपोर्ट आपणच काढू. फुकट मिळतो."

माझा विश्वास बसेना. पण ते खरे आहे. आपल्या देशात कर्जदारांची माहिती ठेवणाऱ्या चार पतमाहिती कंपन्या आहेत. सिबिल ही त्यातली सर्वांत जुनी, २००० साली निघालेली. म्हणून आपण सरसकट सगळ्यालाच सिबिल म्हणतो. इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि क्रिफ हाय मार्क ह्या बाकीच्या तीन. २००५ च्या कायद्याखाली आणि रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली त्यांचे काम चालते. आणि २०१७ सालापासून ह्या प्रत्येक कंपनीने मागणाऱ्याला वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट विनामूल्य द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा हुकूम आहे. आपला रिपोर्ट आपणच पाहिला म्हणून आकडा खाली येत नाही. कर्जासाठी एकामागून एक दहा दारे ठोठावली, तर मात्र त्याची नोंद होते आणि ती अंगाला येते.

त्या रात्री सूनबाईने ह्यांना शेजारी बसवून, त्यांच्याच मोबाईलवर, तो रिपोर्ट उतरवला. इंग्रजी मजकूर; ती वाचून मराठीत सांगत होती. आकडा ३०० ते ९०० मध्ये असतो. त्याखाली एकेका कर्जाचे पान. प्रत्येक महिन्याला एक चौकोन. हप्ता वेळेवर गेला असेल तर त्यात शून्य, उशीर झाला असेल तर किती दिवस ते. आमच्या सोसायटीच्या वहीपेक्षा काही वेगळे नव्हते. फक्त अक्षर बारीक.

ह्यांच्या नावापुढे तीन डाग निघाले.

पहिला, मोटारसायकलच्या कर्जाचा. ते आम्ही २०१७ सालीच फेडले होते. रिपोर्टात मात्र खाते चालू आणि १,१४० रुपये थकीत. दुसरा डाग मिरजेतल्या कुणा फ्रीजच्या हप्त्यांचा. आमच्याकडे फ्रीज आहे, पण तो सूनबाईच्या माहेरून आलेला. शोधता शोधता उलगडा झाला. आमच्या गावात आणि आसपास एकाच आडनावाची शेकडो घरे, आणि नाव-वडिलांचे नाव तेच असलेली माणसेही दोन-चार. त्यात त्या काळच्या गुरुजींनी शाळेत घालताना निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून लिहिलेली! नाव तेच, तारीख तीच. कुणाचा तरी फ्रीज आमच्या ह्यांच्या नावावर येऊन बसला.

तिसऱ्या पानाशी सूनबाई थांबली. म्हणाली, "बाबा, इथं तुम्ही जामीनदार आहात. ट्रॅक्टरचं कर्ज. ४६,००० रुपये थकलेत."

हे खाली मान घालून बसले. मी म्हटले, "अहो, हे काय?"

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "२०१८ ला सही केली हुती. मित्रच तो. तुला सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

ऱ्हाऊन गेले नव्हते. मी नको म्हणेन हे ठाऊक होते म्हणून सांगितले नव्हते. आमच्या संसाराला तेव्हा तीस वर्षे झाली होती. घरातली साखर संपली तरी मला विचारणारा माणूस, आणि ही गोष्ट सहा वर्षे पोटात ठेवली. त्या रात्री मी जेवले नाही. राग पैशांचा नव्हता.

तो मित्र २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. हप्ते थांबले. कंपनीने ट्रॅक्टर ओढून नेला, विकला, तरी बाकी उरलीच. जामीनदार म्हणजे नुसता साक्षीदार नव्हे, कर्जदार थांबला की देणे जामीनदाराचे. ते कर्ज जामीनदाराच्याही रिपोर्टात दिसते. सही करताना कुणी हे सांगत नाही. चहा मात्र पाजतात.

दुसऱ्या दिवशी दादाला फोन केला. म्हटले, तुझ्या त्या माणसाने नक्की काय केले, मला बघू दे. वहिनीने तिच्या लेकाकडून दादाचा रिपोर्ट काढून घेतला. त्यात त्या जुन्या कर्जापुढे 'सेटल्ड' असा शब्द. सूनबाईने सांगितले, कर्ज पुरते फेडले की 'क्लोज्ड' येते. 'सेटल्ड' म्हणजे तडजोड झाली, सावकाराने काही रक्कम सोडून दिली. १,९०,००० पैकी १,२०,००० भरून त्या माणसाने तडजोड करून दिली होती. त्यात गैर काही नाही. ज्याला भरणे शक्यच नाही त्याने तडजोड जरूर करावी. पण ती नोंद वर्षानुवर्षे राहते आणि पुढचा कर्ज देणारा ती वाचतो, एवढे त्याने दादाला सांगायला हवे होते. उलट 'सगळे पुसले' म्हणून वीस हजार घेतले. बागेवर प्लॅस्टिकचे आच्छादन करायला दादाला दोन ठिकाणी नकार मिळाला होता. तो बिचारा साहेबांच्या लहरीला दोष देत होता.

दादा मला एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर बरे झाले असते.

त्या दिवसांत मला सारखी वडिलांची आठवण येई. ते प्राथमिक शिक्षक होते. इतिहास शिकवताना ते १२ मे १८७५ चा दिवस सांगत. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कुळांनी सावकारांच्या वह्या आणि खते काढून जाळली. पोरांना जाळपोळीची मजा वाटे. पण वडील म्हणत, "खरी गोष्ट पुढेच आहे. वही जाळून कर्ज जात नसतं. वहीत काय लिहिलंय ते कुळाला कळत नव्हतं, हे खरं दुखणं." त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. तेव्हा आमचे तासगाव सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. त्या कायद्याने सावकाराला बंधन घातले, की पैसे मिळाले की लेखी पावती द्यायची, आणि कुळाने मागितला तर वर्षाचा हिशेब आणि पासबुकही द्यायचे.

माझे सासर आणि माहेर दोन्ही त्या कायद्याच्या मुलखातले. आपला हिशेब आपण मागून घेण्याचा हक्क आमच्या पणजोबांना मिळाला होता. आणि आम्ही तोच हिशेब न वाचता, तो पुसून देणाऱ्याला पैसे देत होतो.

मग आम्ही कामाला लागलो. माझी लोखंडी ट्रंक उपसली. लग्नाच्या शालूखाली मोटारसायकलचा ना-हरकत दाखला सापडला. जुने कागद टाकू नयेत असे माझी आई का म्हणायची, ते तेव्हा कळले.

पहिल्या दोन डागांसाठी सूनबाईने पतमाहिती कंपनीकडे तक्रार नोंदवली. त्याला पैसे पडत नाहीत. सोबत कर्ज देणाऱ्या दोन्ही कंपन्यांनाही पत्रे लिहिली: खाते क्रमांक, चूक काय, पुरावा कोणता, आणि तारीख. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. फ्रीजच्या बाबतीत पॅनकार्डाची झेरॉक्स जोडली आणि 'हे कर्ज माझे नाही' असे ह्यांनी सहीनिशी लिहून दिले. एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पतमाहिती कंपनी आपल्या मनाने काही खोडत नाही. ती कर्ज देणाऱ्याला विचारते. तो चूक मान्य करील तर नोंद बदलते, खरी म्हणाला तर ती तशीच राहते. सांगलीच्या गृहस्थाला आमचा ओटीपी घेऊन हेच करायचे होते. वेगळी किल्ली त्याच्याजवळ नव्हती.

ह्या कामाला मुदतही आहे. तीस दिवसांत तक्रारीचा निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी, असा नियम रिझर्व्ह बँकेने २०२३ साली केला आणि तो एप्रिल २०२४ पासून लागू झाला. तरीही कुणी दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तिथेही फी नाही.

मोटारसायकलची नोंद तेवीस दिवसांत सुधारली. फ्रीजला एक्केचाळीस दिवस लागले. अकरा दिवस जास्त झाले, म्हणून ह्यांच्या खात्यावर अकराशे रुपये जमा झाले. हे म्हणाले, "आयला, सरकारनं आपल्यालाच व्याज दिलं!" झेरॉक्स, एस.टी. आणि रजिस्टर पोस्ट मिळून आमचा खर्च झाला होता साडेतीनशे. सांगलीचे तीन हजार मात्र परत आले नाहीत. दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा कुणी उचललाच नाही.

आकडा सप्टेंबरात ६१८ वर आला. आणि तिथेच थांबला. कारण तिसरा डाग खरा होता.

ह्यांना अजून आशा होती, की कुणी तरी तो काढून देईल. मी म्हटले, "अहो, त्या ट्रॅक्टरनं आपलंच रान तीन साल नांगरलं. तुमच्या मित्राच्या मालकिणीच्या दारात मी जाणार न्हाई वसुलीला. पण ते देणं आपलं हाय, ते भरायचं."

त्या माउलीच्या कानावर हे कुणाकडून तरी गेले. ती स्वतःहून आली, पदराच्या गाठीत दुधाच्या पगाराचे दहा हजार घेऊन. मी नको म्हटले. ती म्हणाली, "घ्या वैनी. त्यांच्या नावावर राहू नये म्हणून देत्ये." मग मी घेतले. वीस हजार उसाच्या पहिल्या बिलातले, आणि सोळा हजार माझ्या भिशीचे. जानेवारी २०२५ मध्ये पुरते ४६,००० भरले. कंपनीचा माणूस म्हणत होता, तीस द्या, मिटवून टाकू. दादाचा अनुभव गाठीशी होता. पूर्ण फेडीचा दाखला हातात पडल्यावरच आम्ही तिथून उठलो.

मे २०२५ मध्ये आकडा ६९४ झाला. साडेसातशे नव्हेच. पण ह्या खेपेला बँकेत जाताना आम्ही सगळे दाखले फाईलला लावून नेले. साहेबांनी एकेक कागद वाचला आणि कर्ज मंजूर केले. ठिबक वर्षभर उशिरा आले. त्या वर्षात खालच्या तुकड्यात मीठ आणखी चार सऱ्या वर चढले, हे नुकसान आमचे आम्ही सोसले.

दादानेही फायनान्स कंपनीला पत्र लिहिले. राहिलेले ७०,००० भरल्यावर नोंद 'क्लोज्ड' करू, असे आधी लेखी घेतले. बेदाण्याचे पैसे येतील तसे तो भरतो आहे. अजून निम्मे बाकी आहेत.

मैत्रिणींनो, पीककर्जासाठी शेतकऱ्याचे सिबिल बघू नका, असे राज्य सरकारने बँकांना पुन्हा पुन्हा बजावले आहे. पण ठिबक, ट्रॅक्टर, घर, पोरांचे शिक्षण ह्यांच्या कर्जाला तो आकडा विचारला जातोच. तेव्हा अडचण पडेपर्यंत थांबू नका. इंग्रजी येत नसेल तर घरातल्या शिकल्या पोरीला बसवा. तीही नसेल, तर सेवा केंद्रात अर्ज भरून घ्यायला पन्नास-शंभर द्यावेत. ती त्याच्या लिहिण्याची मजुरी आहे, तिला ना नाही. मात्र ओटीपी आपल्या हाताने, आपल्या डोळ्यांपुढे घालावा. आणि 'पुसून देतो' म्हणणाऱ्याला एक पैसाही देऊ नये. चुकीची नोंद असेल तर ती फुकट सुधारते. खरी असेल तर ती फेडल्यावाचून कुणाच्या बापाला हलत नाही. ह्या दोन्हींच्या मध्ये पंधरा हजारांचे काम उरतेच कुठे? आपला हात जगन्नाथ म्हणतात, ते ह्या कामाला तंतोतंत लागू पडते.

आता दर दिवाळीच्या पाडव्याला आमच्या घरी सगळ्यांचे रिपोर्ट काढले जातात, माझासुद्धा. माझ्या नावावर काहीच नसते, तरी बघायला बरे वाटते.

परवा भावकीतला एकजण जामिनाची सही मागायला आला होता. हे त्याला म्हणाले, "बस, चहा घे. आधी आत इचारून येतो." आणि खरोखरच स्वयंपाकघरात आले. सही करायची की नाही, ह्यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. पण ह्या वेळी मला आधी सांगितले.